उंडे आणायला गेलेला नातू

पत्र गोव्यातल्या फोंड्याहून आलंय. लांबलचक आहे, मी थोडं कापून देते.

"ताई, मी ६७ वर्षांचा. सत्तरी तालुक्यातल्या एका गावात वाढलो, १९८३ ला कदंबच्या सरकारी बसमध्ये कंडक्टर म्हणून लागलो, आता रिटायर होऊन फोंड्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतो. मुलगा वेर्ण्याला कंपनीत, सून नर्स, शिफ्टची ड्युटी. नातू ९ वर्षांचा, चौथीत. मोठी नात १३ ची, ती आपली मोबाईलमध्ये असते. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी नातवाला कोपऱ्यावरच्या दुकानात चार उंडे (गोल पाव) आणायला पाठवला. गेटपासून दोनशे पावलं पण नसेल, मधे एक रस्ता. चाळीस मिनिटं पोरगा आला नाही. तेवढ्यात सून ड्युटीवरून आली, बाबू कुठे म्हणाली, मी सांगितलं, आणि ती पर्स तिथेच टाकून अनवाणी खाली धावली. पोरगा बाजूच्या प्लॉटवर जेसीबी खणत होता ते बघत उभा, एक उंडो खाऊन संपवलेला. सून ओरडली नाही, फक्त म्हणाली बाबा परत असं करू नका. पुढच्या आठवड्यात त्याच्या हातात ते जीपीएसचं घड्याळ आलं. तेव्हापासून आमचं कामापुरतं बोलणं. ताई, या वयात आम्ही सकाळी घरातून निघायचो ते काळोख पडताना परत. रानात कांटां (करवंदं) खायचो, काजूच्या बिया गोळा करून विकायचो, व्हाळात (ओढ्यात) पोहायचो, कुठे होतास म्हणून कोणी विचारत नव्हतं. आमचं काय वाईट झालं? माझ्या बसमध्ये शाळेची पोरं एकेकटी चढायची, कोण कुठल्या स्टॉपला उतरतो मला तोंडपाठ होतं. आणि आज माझा नातू दोनशे पावलं जाऊ शकत नाही. माझं चुकलं का? आणि या पोराला थोडं तरी आमच्यासारखं बालपण कसं द्यायचं?"

— एक आजोबा, फोंडा

आजोबा, म्हणजे तुम्ही तशी सही केलीय म्हणून म्हणते, वयाने मी तुमच्या फार मागे नाही, माझी पण बासष्टी झाली. आधी चुकलं का ते सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगलेला नको. पोराला दुकानात पाठवलंत हे चुकलं नाही. त्याच्या आईला न विचारता पाठवलंत हे चुकलं, आणि ज्याला नऊ वर्षं कोणी जिना पण एकट्याने उतरू दिला नसेल त्याला एका संध्याकाळी डायरेक्ट रस्ता ओलांडायला लावलात हे पण थोडं चुकलंच. नवीन ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी चोर्ला घाटात बस घेऊन नाही ना सोडत कोणी.

आता बालपणाचं.

पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला पण गहिवरून वगैरे आलं, कांटां म्हटल्यावर दातांना तो चिकट चीक आठवला, काजूच्या बियांचे पैसे जत्रेतल्या खाज्यासाठी जपून ठेवायचे ते आठवलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यावर अडकले, जे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. "कोण कुठल्या स्टॉपला उतरतो मला तोंडपाठ होतं."

मग ती पोरं एकटी कशी हो?

सांगा ना मला, एखादा पोरगा खिडकीला डोकं टेकून झोपला आणि त्याचा स्टॉप आला तर तुम्ही बेल मारून पुढे जात होता का? ओरडून उठवत असणार, दप्तर हातात देऊन उतरवत असणार. दीडला बसमध्ये चढणारा पोरगा एखाद दिवशी अकराला चढला तर "शाळा लवकर सुटली काय रे आज?" हा प्रश्न आलाच असणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा बाप त्याच बसमध्ये भेटला की तिकीट फाडता फाडता विषय निघालाच असणार. म्हणजे त्या पोरांचं जीपीएस तुम्हीच होता, खाकी कपड्यातलं. आज त्यातला कोणी पन्नाशीचा माणूस त्याच्या पोरांना सांगत असेल की आम्ही बसने एकटे जायचो, कोण लक्ष ठेवत नव्हतं आमच्यावर. त्याला तुम्ही आठवत पण नसाल.

तुमच्या गावात तुमच्यासाठी असे किती होते ते मोजा कधी बसून. मी माझे मोजलेत. माझं माहेर माशेलचं. आमच्या घरापासून देवकीकृष्णाच्या देवळाकडे जाईपर्यंत वाटेत अकरा दारं, आणि प्रत्येक दाराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, कोणी ना कोणी बसलेलं, तांदूळ निवडणारी, सुपारी कातरणारे, नुसते खोकणारे पण. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, यायचा सायकलवरून भोंगा वाजवत, मग नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, यायची डोक्यावर पाटी घेऊन, ती तर फिरता वर्तमानपत्र, माझा भाऊ शाळेत न जाता तळीवर बसलाय ही बातमी आईला बांगड्यांबरोबर मिळायची. "बाय, तुगेलो चलो तळयेर आसा गे." झालं. भाऊ घरी यायच्या आधी त्याचा दिवस घरी आलेला असायचा. तुम्ही म्हणता कोणी विचारत नव्हतं. विचारायची गरजच नव्हती हो आजोबा, उत्तर आधीच पोचलेलं असायचं.

अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ मध्ये शहरांबद्दल हेच लिहून ठेवलंय, की रस्ता सुरक्षित पोलिसांमुळे राहत नाही, त्या रस्त्याकडे ज्यांचे डोळे असतात त्या दुकानदारांमुळे, खिडकीतल्या माणसांमुळे राहतो. त्या न्यूयॉर्कबद्दल बोलत होत्या. पण आमच्या माशेलच्या सोप्यांना पण ते लागू पडतं, आमच्याकडे फक्त कोणी लिहून ठेवलं नाही.

आणि आता थोडं बोचेल असं लिहिते. तुम्ही "आम्ही" म्हणता तेव्हा त्या "आम्ही" मध्ये कोण कोण होतं?

कारण मी त्याच काळातली आहे आणि मी काळोख पडेपर्यंत रानात नव्हते. मी आठ वर्षांची असताना माझ्या कमरेवर माझा धाकटा भाऊ असायचा. पोरगे देवळामागच्या मैदानात कोयंडेबाल, म्हणजे विटीदांडू, खेळायचे आणि मी कडेला उभी राहून त्यांचे पॉइंट मोजायचे, कारण भावाला खाली ठेवलं की तो रडायचा आणि घेऊन धावता येत नव्हतं. एकदा कोयंडो उडाला तो सरळ त्याच्या कपाळावर, रक्त आलं, कोणीतरी धावत जाऊन हळद आणली आणि दाबून धरली. ज्याने मारला तो पळून गेला. घरी आल्यावर आईने केरसुणीतला हीर काढला आणि माझ्या पोटऱ्यांवर, "लक्ष खंय आशिल्लें तुजें?" बघा आजोबा, त्या मैदानात लक्ष ठेवायची ड्युटी आठ वर्षांच्या मुलीची होती. पोरांना ते मोकळं वाटायचं, वाटणारच. दिवेलागणीला मी घरात पाहिजेच असायची, भाऊ थोडे मोठे झाल्यावर त्यांना हा नियम कधी लागलाच नाही.

चिखलकाल्याचं तर विचारूच नका. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आख्ख्या माशेलातले पोरगे आणि बाप्ये अंगाला तेल लावून मैदानातल्या चिखलात लोळायचे, आम्ही मुली कडेला उभ्या राहून बघायचो, पावसात, कोरडे कपडे हातात धरून. कोणाचे? भावांचे. आता पर्यटन खात्याने त्याचा तीन दिवसांचा फेस्टिव्हल केलाय आणि मी मागे गेले होते तेव्हा मनात आलं एकदा उतरावं आपण पण, मग गुडघे आठवले.

हे सगळं रडगाणं का, तर तुमच्या पत्रात नातवावर दोन पानं आहेत आणि नातीवर एक वाक्य. "ती आपली मोबाईलमध्ये असते." तेरा वर्षांची मुलगी, तिला कोणी उंडे आणायला का नाही पाठवलं? तिच्या बालपणाचं काय करायचं हे तुम्ही विचारलंच नाहीत. थांबा, यावर मी परत येते.

"आमचं काय वाईट झालं?" हे वाक्य पण आपल्या पिढीत सगळेच म्हणतात, मी पण म्हणते, आणि म्हणताना दरवेळी मला आमच्या वाड्यावरचा एक पोरगा आठवतो. नाव नाही लिहीत, त्याचे भाऊ आहेत अजून. पावसाळ्यात चिऱ्यांच्या जुन्या खणीत, म्हणजे दगड काढून उरलेल्या खड्ड्यात, पाणी साचलेलं, वरून दिसायला गुडघाभर, आत सरळ कापलेली भिंत, पाय ठेवायला जागा नाही. अकरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर गेलेले दोघे घाबरून संध्याकाळपर्यंत कोणाला बोलले नाहीत. तो आज असता तर त्याने पण कदाचित म्हटलं असतं आमचं काय वाईट झालं, पण तो नाहीये, म्हणून ते वाक्य फक्त आपण उरलेलेच म्हणतो. गोव्यात दर पावसाळ्यात अजून अशा बातम्या येतातच, व्हाळ, खण, धबधबा.

आणि एक गोष्ट जी सोप्यावर बसून कोणी बोलत नव्हतं. ते जे सगळे डोळे होते ना, त्यातले एक दोन डोळे वाईट पण होते. कोणाच्या दुकानात एकटीने जायचं नाही हे आम्हा मुलींना मोठ्या मुली सांगायच्या, का ते सांगायच्या नाहीत, आणि आया तर ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला, पुढे २०१२ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध देशभर पॉक्सो कायदा आला, ते काय कोणाला सुचलं म्हणून नाही आले. आणि दरवर्षी सरकारी आकडे येतात त्यात त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचाच निघतो. म्हणून "जुन्या काळी सगळे ओळखीचे होते" एवढ्यावर मी तरी निश्चिंत होत नाही.

बरं, मग आजकालचे आईबाप शहाणे आणि आपण वेडे असं म्हणतेय का मी? नाही हो. काहीतरी गेलंय हे खरं आहे आणि ते फक्त आपल्या डोक्यातलं नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं होतं, १९७१ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुलं शाळेत आपली आपण जायची, १९९० मध्ये तशी जाणारी राहिली ९ टक्के. एकोणीस वर्षांत! आणि मोबाईल तेव्हा नव्हता, इंटरनेट नव्हतं, म्हणजे सगळं खापर फोनवर फोडता येत नाही. आईबापांना विचारलं तर मुख्य भीती काय, तर गाड्या. हिलमन यांचं म्हणणं असं की रस्त्यावर मुलं कमी मरायला लागली याचा अर्थ रस्ते चांगले झाले असा नाही, मुलंच रस्त्यावरून उचलून घरात ठेवली म्हणून आकडा कमी झाला.

ते इंग्लंडचं, पण फोंडा काय वेगळं आहे? तुम्ही लहान असताना तुमच्या गावात दिवसाला किती गाड्या यायच्या, एखादी कारेर, म्हणजे बस, सकाळी, एखादी संध्याकाळी, आणि ती येताना दोन वळणं आधी ऐकू यायची. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती आणि आज नोंदवलेल्या गाड्या त्याच्यापेक्षा जास्त झाल्यात. तुमचं ते दोनशे पावलांचं अंतर घ्या, फुटपाथ असेल तर त्यावर स्कूटर लावलेल्या असणार, म्हणजे पोराला रस्त्यावरूनच चालायचं, समोरून कोणतरी एका हाताने मोबाईल बघत ॲक्टिव्हा चालवत येणार, आणि पोराची उंची उभ्या गाडीच्या बॉनेटपेक्षा जेमतेम जास्त, ड्रायव्हरला तो दिसेपर्यंत तो रस्त्यात आलेला असतो. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही आयुष्यभर बसमध्ये उभे राहून पुढच्या काचेतून हेच बघितलंय.

आता सुनबाई. तुम्ही लिहिलंत ती नर्स आहे आणि पुढे गेलात. मी असती तर तिथे थांबले असते. ती आठ तास जिथे उभी असते तिथे लोकांची पोरं कशी कशी आणली जातात हे तिने बघितलंय, आणि ते ती घरी येऊन जेवताना सांगत नसणार. तुम्हाला आठवतात ती पोरं संध्याकाळी घरी परत आलेली, आणि ती रोज बघते ती परत न गेलेली. त्या दिवशी जिना उतरताना तिच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? आणि एवढं होऊन ती ओरडली नाही तुमच्यावर. ते घड्याळ तिने पोराला बांधलंय हे खरं, पण मला विचाराल तर ते तिने स्वतःसाठी घेतलंय, ड्युटीवर उभी असताना एकदा फोन काढून बघायला. त्या घड्याळावर रुसू नका. उलट त्याचाच फायदा घ्या, ते घड्याळ आहे म्हणून ती "जाऊ दे" म्हणायची शक्यता वाढलीय.

तर करायचं काय. पहिलं, तिच्याशी बोला, तुम्ही स्वतः. मुलाच्या तर्फे निरोप नको, आणि नातू समोर असताना नको. "माझं चुकलं, तुला विचारायला पाहिजे होतं" एवढं म्हणा आणि त्याच्यापुढे "पण आमच्या वेळी" हे तीन शब्द लावू नका, लावलेत तर सगळं पाण्यात. मग विचारा की कुठपर्यंत त्याला जाऊ देणं तुला चालेल. ती खालच्या पार्किंगपर्यंत म्हणाली तर पार्किंगपर्यंत. ती मर्यादा तिची असू द्या, दोन महिन्यांनी ती स्वतःच वाढवेल, वाढवली नाही तर परत विचारा.

दुसरं, तो दुकानाचा रस्ता त्याला शिकवा, आणि हे काम तुमच्याइतकं चांगलं कोणी करू शकणार नाही. पहिले काही दिवस हात धरून, मग हात सोडून, मग तो पुढे आणि तुम्ही दहा पावलं मागे, रस्ता कधी ओलांडायचा ते त्याने ठरवायचं आणि तुम्ही फक्त तो चुकतोय असं वाटलं तरच आवाज द्यायचा. मग एक दिवस तुम्ही गेटपाशीच उभे राहायचं. यात महिना जाईल, जाऊ दे. आणि जाता येता वाटेतल्या लोकांशी त्याची ओळख करून द्या, दुकानवाला, फार्मसीतली मुलगी, वॉचमन, टेलर असेल तर टेलर. नुसतं "हा माझा नातू" नाही, त्या लोकांची नावं पोराला पाठ पाहिजेत आणि पोराचं नाव त्यांना. त्या वॉचमनला गाव सोडून इथे आलेला म्हणून कोणी नावाने हाक मारत नसेल, त्याची पण पोरं असतील कुठेतरी लांब, तुम्ही दोन दिवस बोललात तर तो तुमच्या नातवावर तुमच्यापेक्षा जास्त लक्ष ठेवेल. तुमच्या गावात हे डोळे आयते मिळाले होते, फ्लॅटमध्ये एकेक जाऊन गोळा करावे लागतात, आणि रिटायर कंडक्टरला लोकांशी बोलायचं कसं हे मी शिकवायला नको. त्याच्याबरोबरच हे पण सांगा त्याला, की ओळखीच्या कोणी अंगाला हात लावला, गुपित ठेव म्हणाला, तर ते घरी येऊन सांगायचंच, कोणी का असेना तो. तुम्हाला बोलायला अवघड वाटत असेल तर सुनेला सांगा, नर्स आहे, ती बरोबर सांगेल. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर त्याला पाठ करायला लावा, सापशिडी खेळताना सुद्धा पाठ होतो.

तिसरं म्हणजे एकटा पोरगा मोकळा सोडून काही होत नाही. तुम्ही रानात एकटे होता का? पाच सहा जण असणार, एक मोठा, एक शेंबडा, एक रडका. फ्लॅटमध्ये शेजारच्या दारामागे पण कोणीतरी पोर कंटाळून बसलेलंच आहे, तुमच्यासारखेच दुसरे आजोबा आजी पण आहेत. संध्याकाळी पाच ते सात चार खुर्च्या टाका खाली आणि बसा गप्पा मारत. पोरं आपोआप उतरतात. मात्र एक करा, पंच बनू नका! कोयंडेबाल असा खेळायचा, गड्डे (गोट्या) असे धरायचे हे एकदा दाखवा आणि गप्प बसा, त्यांची भांडणं त्यांना सोडवू द्या, डोकं फुटायची वेळ आली तरच उठा. पहिल्या आठवड्यात सोसायटीतलं कोणीतरी गाडीला बॉल लागला म्हणून येणारच, त्याला चहा पाजा.

गावचं घर असेल अजून तर मे मध्ये दोघांना घेऊन जा. नातीच्या वर्गाची शाळा २०२५ पासून एप्रिलातच सुरू व्हायला लागली, म्हणजे काजूचा अर्धा हंगाम वर्गातच जाणार, पण मे मिळतो. पाण्याचा नियम कडक, मोठं माणूस असल्याशिवाय पाण्यात पाय नाही, आणि खण असेल तिकडे तर मोठं माणूस असलं तरी नाही. आपल्याला दोन सुके नारळ पाठीला बांधून पाण्यात ढकलायचे तसं करू नका, आधी कुठेतरी पूलमध्ये कोचकडून नीट पोहायला शिकवा. बाकी झाडावर चढू दे, खरचटू दे, त्याच्या आईला आधी सांगून ठेवा की खरचटणार आहे.

आणि चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचं, सामान बाजारातून आणू नका यंदा. आम्ही पण हल्ली बाणस्तारीला जाऊन पिशवी भरून आणतो, पैसे टाकले की झालं. तुम्हाला सत्तरीतलं रान ठाऊक आहे, कांगलां कुठल्या वेलीला लागतात, नागूलकुडो कुठे मिळतो, घागऱ्यो सुकल्यावर खुळखुळ वाजतात ते. फ्लॅटमधली चार पोरं घ्या, एखाद्याचा बाप घ्या गाडी चालवायला, आणि त्यांना यादी देऊन सांगा शोधा. तुम्ही मागून चाला. काय खायचं आणि कशाला हात पण लावायचा नाही हे तुम्हाला जेवढं माहितीय तेवढं त्यांच्या बापांना माहीत नाही, ते तुमच्याबरोबर संपू देऊ नका. कवंडळ दिसायला एवढं सुंदर लालभडक असतं आणि तोंडात घातलं की कळतं, हे प्रत्येकाला एकदा कळलेलंच बरं, नाही का, बरं नको, तेवढं सांगूनच ठेवा.

जेसीबीचं राहिलं. चाळीस मिनिटं तो पोरगा काय करत होता? कोणाला न विचारता, कोणी क्लास न लावता, उंडो खात खात एक मशीन माती कशी उचलतं हे बघत उभा होता. अहो, तुम्हाला जे हवं होतं ते त्या संध्याकाळी त्याला मिळालं की! तुम्ही व्हाळाच्या काठी बसून पाणी बघायचा तसंच ते. त्याला अजून कोणी विचारलंय का की काय बघितलंस? घरात एवढं रामायण झालं त्यात त्या पोराला वाटत असेल मी काहीतरी भयंकर केलं. त्याला बसवून विचारा, खड्डा किती खोल होता, माती कुठल्या रंगाची निघाली, खाली चिरा लागला का. आणि मग सांगा की पुढच्या वेळी बघायला थांबायचं असेल तर आधी उंडे घरी आणून द्यायचे, सांगायचं, आणि परत जायचं. जागा पण ठरवून द्या, कुंपणाच्या बाहेर, त्या फिरणाऱ्या हाताच्या आसपास नाही. घड्याळ आहेच हातात, वेळ त्यावर बघेल.

आणि नात. तिला विचारा, तुझ्या मैत्रिणी कुठे राहतात, तिथपर्यंत तुला चालत किंवा सायकलने जायला आवडेल का. ती पहिल्यांदा "नको" म्हणेल, मान पण वर करणार नाही. परत विचारा आठवड्याने. तिला सायकल येते का हे तरी माहितीय का तुम्हाला? दुकानाचा रस्ता तिला पण शिकवा, पण भावाला सांभाळायला म्हणून तिला बरोबर पाठवू नका, हे हात जोडून सांगते. तिच्या वाट्याची फेरी तिची एकटीची असू दे. भाऊ आपला आपण जाईल.

सुनेची मॉर्निंग शिफ्ट कधी आहे बघा. दुपारी तीन साडेतीनला ती घरी येते तेव्हा पोरं बहुतेक ट्यूशनला असतील. त्या दिवशी चहा तुम्ही टाका.